हिल्क्का मोइलानेन आणि तिच्या नवऱ्याचे कान

हिल्क्का मोइलानेनच्या मते रायफल बाळगणाऱ्या पुरुषांच्या दोनच जाती. एक, ज्यांना नळीवर सायलेन्सर लावायची लाज वाटते ते. दुसरे, सिनेमे बघून सायलेन्सर विकत घेतात ते. दोघांचीही अक्कल ती एकाच चमच्याने मोजायची आणि तो चमचा कॉफीचा होता.

दुसऱ्या जातीचे शहरातून यायचे. मागच्या उन्हाळ्यात ओउलूहून बँकेतला एक साहेब तिच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आला. नवी कोरी रायफल, नळीच्या अंगातच सायलेन्सर. काढायचा नाही, घालायचा नाही, बाहेरून बघावं तर नुसता जाडजूड काळा नळा. साहेबांना निशाणा जुळवून हवा होता. हिल्क्का त्याला दुकानामागच्या मातीच्या बांधापाशी घेऊन गेली आणि कान झाकायचे डबे पुढे केले.

"हे कशाला? याचा आवाजच होत नाही," साहेब म्हणाले.

"मग झाड की."

साहेबांनी झाडली आणि जागच्या जागी टुणकन उडाले. "आवाज होतोय," असं म्हणून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच फसवलं होतं.

"होणारच. आतला भडका ही नळी दाबते. पण गोळी आवाजाच्या पुढे पळते, तिचा हवेतला तडाखा कोण दाबणार, तुझी बँक? ही वस्तू कान वाचवायला असते बाबा, पाप लपवायला नसते. घाल ते डबे."

साहेबांनी निमूट डबे घातले. असल्यांचं तिला फारसं वाईट वाटायचं नाही, कारण एका बारात त्यांची रग उतरायची. खरा वैताग पहिल्या जातीचा होता. आणि त्या जातीचा मुकुटमणी तिच्याच घरात राहत होता, तिच्याच ताटातलं जेवत होता आणि तिच्याच उशीशेजारी घोरत होता.

आर्मास मोइलानेन कोर्पिव्हारा गावच्या शिकारटोळीचा सव्वीस वर्षं प्रमुख होता. दर ऑक्टोबरात एल्कची शिकार सुरू झाली, की कुणी कुठल्या जागेवर बसायचं, कुत्रा कुठून सोडायचा, कुठल्या दिशेला गोळी झाडायची आणि कुठल्या नाही, हे त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर, त्यामुळे त्याला पाडणारी गोळीही तशीच, अर्ध्या कोसावरचं माणूस लोळवणारी. टोळीतल्या सगळ्यांनी एकेक करून हिल्क्काकडून नळीच्या तोंडाला आटे पाडून घेतले आणि सायलेन्सर बसवले. शेजारपाजारच्या चार टोळ्यांनी बसवले. पाळकाने बसवला. राहिला फक्त आर्मास, ज्याची बायको हेच काम करून पोट भरत होती.

"नळीला दुधाची बाटली लावून फिरायला मी काय तान्हा आहे?" तो म्हणायचा. टोळीतल्या तेइयोने अंगच्याच सायलेन्सरची रायफल घेतली, तेव्हा आर्मासने ती हातात उलटसुलट करून पाहिली आणि परत देताना विचारलं, "ही रायफल आहे की सायकलचा पंप? जरा माझ्या मागच्या चाकात हवा भरून दे."

टोळी खो खो हसली. तेइयोही हसला, कारण प्रमुखाच्या विनोदाला हसावं लागतं. हिल्क्का रश्श्यात बटाटे टाकत होती, ती तेवढी हसली नाही.

कोर्पिव्हारात शिकारीच्या दिवशी घरात बसलेली माणसं बार मोजतात. एक बार ऐकू आला तर एल्क पडला. दोन आले तर पडलाही असेल. तीन आले तर रात्री पेज. सगळ्यांनी सायलेन्सर लावल्यापासून डोंगरातून नुसतं कुणी दार लोटल्यासारखं ऐकू यायचं आणि मोजणाऱ्यांची पंचाईत व्हायची. एकच उघडा बार उरला होता. तो झाला की तीन वाड्यांतल्या म्हाताऱ्या अंगणात थांबायच्या आणि म्हणायच्या, "आर्मासचा झाला. एकच." एवढ्यासाठी हा गृहस्थ वर्षभर जगायचा. दुसऱ्या दिवशी दुकानात पाव आणायला जाताना त्याची चालच बदललेली असायची.

"तुझा बार तीन वाड्यांना ऐकू जातो," हिल्क्का त्याला म्हणायची. "तुला काय ऐकू जातं ते सांग."

"काय म्हणालीस?" आर्मास विचारायचा.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा बाप व्हिल्यो हाही बंदुका दुरुस्त करायचा. दुरुस्त केलेली प्रत्येक बंदूक तीनदा झाडून बघायचा, उघड्या कानांनी, कारण कान झाकणं हे बायकी काम. पंचेचाळिशीला तो जवळजवळ ठार बहिरा झाला. गिऱ्हाईक सांगायचं, घोडा अडकतोय. व्हिल्यो म्हणायचा, हो, संध्याकाळपर्यंत पडेल पाऊस. मग नऊ वर्षांची हिल्क्का स्टुलावर उभी राहून बापाच्या कानात ओरडायची, घोडा अडकतोय. असं करता करता ती लेथ शिकली, नळ्या शिकली आणि बापाच्या मागे दुकानही तिच्याकडेच आलं. तिच्या आईने शेवटची वर्षं कोंबड्यांशी गप्पा मारत काढली. नवऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि दिवसभर ओरडून कुणी प्रेमाचं बोलू शकत नाही. हिल्क्काने तेव्हाच ठरवलं होतं, की लग्न करीन तर कान असलेल्या माणसाशी.

आणि तसंच केलं होतं. आर्मासकडे जमीन नव्हती, रूप तर नव्हतंच. पण तळ्याकाठच्या नाचाला दोघं पहिल्यांदा एकत्र नाचत होते, बाजावाला जोरात वाजवत होता, आणि आर्मास मध्येच थांबून म्हणाला, "तुमचा कुत्रा साखळीसकट सुटलाय." हिल्क्काचं घर तिथून बरंच लांब होतं. ती धावत गेली तर खरोखरच कुत्रा रस्त्यावर साखळी ओढत चालला होता. त्या रात्री तिने मनात होकार देऊन टाकला. बाकीच्या पोरींनी डोळे, खांदे, ट्रॅक्टर बघून लग्नं केली. हिल्क्काने कान बघून केलं.

ते कान त्याने स्वतःच्या हाताने घालवले. दर साली बार, निशाण्याच्या सरावाचे बार, वर कौतुकाचे बार. तिने चाळीस वर्षं सांगितलं. आधी गोड बोलून, मग भांडून, मग टोमणे मारून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ पेटवून वर फुंकर घालणं चाललं होतं. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा पक्षी गेले. मग किटलीची शिट्टी गेली. मग टीव्ही एवढा मोठा व्हायला लागला, की शेजारचे बातम्या बघायला घरात येईनासे झाले, त्यांना अंगणातूनच कळायच्या. दाढीवाल्यांशी त्याचं पटेनासं झालं, कारण दाढीतून ओठ दिसत नाहीत. तेइयोने दाढी राखली तेव्हा आर्मासने त्याला विनाकारण झापलं होतं.

आणि मग कुत्रा गेला. म्हणजे कुत्रा होता. रेमू नावाचा करडा कुत्रा, आर्मासनेच पिल्लापासून शिकवलेला. असला कुत्रा जंगलात एल्क शोधतो, त्याला अडवून समोर उभा राहतो आणि एकसारखा भुंकत राहतो. त्या भुंकण्यावरून माणसांनी समजायचं, की एल्क कुठे आहे, उभा आहे की पळतोय. सगळी शिकार त्या आवाजावर चालते. आर्मासला तो आवाज ऐकू येईनासा झाला होता आणि तरी तो टोळीचा प्रमुख होता.

खरं तर तेव्हाच बोंब मारायची. पाळकाला, बँकेच्या साहेबाला, कुणालाही तोंडावर सुनावणारी हिल्क्का इथे मात्र मूग गिळून बसली. नुसती बसली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण ही बया त्याला सांभाळून घ्यायला लागली. सभेत तेइयो काही बोलला, की ती नवऱ्यावर खेकसायची, "ऐकलंस ना, पूर्वेच्या वाटेवर दोघं बसवायचे म्हणतोय, तू आपला भिंतीकडे बघ." लोकांना वाटायचं, काय कजाग बाई आहे. आर्मासला निरोप पोचलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी, शिकारीच्या आदल्या दिवशी, तिने ब्रेड कापता कापता त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, "फोन छातीच्या खिशात ठेवायचा. एकदा थरथरला तर रेमू भुंकतोय. दोनदा थरथरला तर एल्क तुझ्या अंगावर येतोय. तीनदा थरथरला तर काहीही दिसू दे, झाडायची नाही."

आर्मासने ब्रेडला लोणी लावलं. "बरं," म्हणाला.

या विषयावर नवराबायकोचं आयुष्यात एवढंच बोलणं झालं. पुढचे दोन मोसम ती त्याच्या शेजारच्या जागेवर बसली आणि त्याचे कान झाली. वॉकीटॉकीवर सूचना झाली, की प्रत्येकाने ठरलेल्या क्रमाने 'समजलं' म्हणायचं असतं. आर्मास शेवटचा. वॉकीटॉकीवर कुणी बोललं की छोटा हिरवा दिवा लागतो. दिवा लुकलुकायचा थांबला, की आर्मास खणखणीत आवाजात म्हणायचा, "समजलं." कधी चुकला नाही. टोळीतले म्हणायचे, म्हातारा अजून घड्याळासारखा चालतो. हिल्क्काला ते ऐकून थोडा अभिमान वाटायचा, हे तिचं तिलाच पटत नसे.

गेल्या ऑक्टोबरात दुसऱ्या शनिवारी टोळी शेकोटीभोवती रस्सा ओरपत बसली होती. झाडीत रेमू भुंकला आणि हिल्क्काचं बोट सवयीने फोनवर गेलं. तेइयो आर्मासशेजारी बसला होता, त्याचं लक्ष गेलं.

"म्हाताऱ्या, तुझ्या खिशात बेडूक आहे काय? सकाळपासून गुरगुरतोय."

आर्मास त्याच्या दाढीकडे बघत राहिला. मग तेइयोने स्वतःच्या छातीवर पंजा ठेवून थरथरवून दाखवला. "का कुणी बाई बोलावतेय? बायको शेजारी बसलेली असताना?"

सगळे हसले. आर्मास कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. हिल्क्का म्हणाली, "मीच बोलावते. जेवायला ये म्हणून सांगावं लागतं, नाहीतर झाडाशी गप्पा मारत बसतो." आणखी हसले आणि विषय संपला असं तिला वाटलं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी कडक दहिवर पडलं होतं. दलदलीच्या या काठाला जागा लागल्या होत्या. आर्मास खाली, जुन्या बुंध्याशी. हिल्क्का त्याच्या डावीकडे दीडशे पावलांवर, उंचवट्यावर. तिच्या मांडीवर तिची जुनी रायफल होती, टोकाला फिरवून बसवायचा सायलेन्सर लावलेली. तेइयो रेमूला घेऊन दलदलीच्या वरच्या अंगाने निघाला होता. थोड्या वेळाने रेमू भुंकायला लागला. तिने एकदा फोन लावला. आर्मास हलला नाही. न हलणंच बरोबर होतं, म्हणून तिला काही वाटलं नाही.

भुंकणं सरकायला लागलं. एल्क चालत होता. तेवढ्यात वॉकीटॉकीवर तेइयो आला, धापा टाकत.

"सगळ्यांनी ऐका. पलीकडच्या काठाला दलदलीत कुणीतरी क्रॅनबेरी वेचतंय. आर्मासच्या बरोबर नाकासमोर. दलदलीच्या दिशेला कुणीही झाडायची नाही. परत सांगतो, कुणीही नाही. एकेकाने सांगा."

"समजलं." "समजलं." "समजलं." हिल्क्का म्हणाली, "समजलं." दिवा विझला.

"समजलं," आर्मास म्हणाला, खणखणीत.

हिल्क्काने तीनदा फोन लावला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी खाली बघत होती. आर्मासचा हात छातीकडे गेला नाही. त्याने मान खालीवर केली नाही, आणि ती तर त्याची सवय होती. तिने पुन्हा तीनदा लावला. मग तिला तेइयोचा थरथरणारा पंजा आठवला, नवऱ्याचे लाल कान आठवले, आणि तिला कळून चुकलं, की मेल्याने फोन खिशात आणलेलाच नाही.

एल्क झुडपातून बाहेर आला. मोठा नर, शांत, एकेक पाय उचलून टाकत दलदलीच्या काठाने चाललेला. आर्मास उभा राहिला. हिल्क्काला उंचवट्यावरून एल्कच्या पलीकडे, लांब, एक निळा ठिपका वर-खाली होताना दिसत होता. वाकत होता, उठत होता. आर्मासला खालून तो दिसणं शक्य नव्हतं, मध्ये गवताचे उंच गठ्ठे होते. त्याने नियम कधी मोडला नव्हता. समोर माणूस आहे असं कळतं तर हात तोडून टाकला असता त्याने. पण कळलंच नव्हतं, आणि 'समजलं' तर म्हणून बसला होता.

तिने हाक मारली. अख्खं आयुष्य बापाच्या कानात ओरडून कमावलेला गळा होता तो. एल्कने कान टवकारले. आर्मासने गाल रायफलीला टेकवला.

आपल्या रायफलीचा बार काढून त्याचं लक्ष वेधावं, असं तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी ते फुकट आहे हेही आलं. मागच्याच आठवड्यात तेइयोने ऐंशी पावलांवर त्या सायकलच्या पंपाने बार काढला होता आणि हा गृहस्थ शांतपणे कॉफी ओतत राहिला होता. सायलेन्सर लावलेला बार त्याच्या लेखी झालाच नाही. तिचे हात नळीच्या टोकाला गेले. ज्या वस्तूचे गोडवे तिने उभ्या परगण्यात चाळीस वर्षं गायले, ती वस्तू तिने तीन-चार पिळांत उपसून काढली, खाली टाकली, नळी पायाजवळच्या मातीत रोखली आणि चाप ओढला.

उघडा बार म्हणजे काय असतो, हे ती विसरली होती. कानफटात कुणी फळी मारावी तसं झालं. माती तिच्या तोंडावर उडाली. खाली आर्मास दचकला, रायफल खांद्यावरून उतरली, मान डावीकडे वळली. एल्कने एका उडीत दिशा बदलली आणि तो झाडीत घुसला. पलीकडचा निळा ठिपका ताठ उभा राहिला. दोन पायांवर होता. हिल्क्काने तो दोन पायांवर आहे याची तीनदा खात्री केली.

तिच्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. त्या शिट्टीतून वॉकीटॉकी बोलतोय हे दिव्यावरून कळलं, तेव्हा तिने तो कानाला घट्ट दाबून धरला.

"आर्मास," तेइयो ओरडला. "वेड लागलंय का तुला? माणूस आहे समोर. आत्ता सांगितलं ना मी? आत्ता समजलं म्हणालास ना?"

"उघडा बार होता," दुसरं कुणीतरी म्हणालं. "त्याचाच."

"शिकार बंद. सगळे आर्मासकडे या. आर्मास, रायफल खाली ठेव."

हिल्क्का उंचवट्यावर उभी राहिली. काय होणार ते सरळ होतं. माणूस समोर असल्याचं सांगितल्यावरही बार काढला म्हणून आर्मासला आज इथेच टोळीतून काढतील, आणि उद्या पाव आणायला जायलाही त्याला तोंड उरणार नाही. तिच्याजवळ एक सोपी थाप होती. बार माझा, चुकून सुटला. म्हातारी बाई, गारठलेली बोटं. दोन शिव्या पडतील, तिची जागा जाईल आणि आर्मासचं नाव शाबूत राहील. लोक तर विश्वास ठेवायला बसलेलेच आहेत. मग पुढच्या शनिवारी तो पुन्हा दिव्याकडे बघून समजलं म्हणेल, आणि शेजारच्या उंचवट्यावर ती नसेल. तिला स्वतःची एवढी घृणा आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बहिऱ्याची तिने खिल्ली उडवली होती, आणि घरातल्या बहिऱ्याच्या हातात रायफल देऊन वर दोन वर्षं तीच कळा दाबत होती.

तिने बटण दाबलं.

"बार माझा होता. मी सायलेन्सर काढून मातीत झाडला. आर्मासला तू सांगितलेलं ऐकू आलेलं नाही. तो दिवा विझलेला बघून समजलं म्हणतो. त्याला चार वर्षं धड ऐकू येत नाही, रेमूही नाही. मी चार वर्षं झाकलंय. दोष द्यायचा तर मला द्या."

दिवा विझला आणि परत लागला नाही.

आर्मास चढ चढून वर आला. "का झाडलीस? एल्क घालवलास माझा," तो म्हणाला.

तिने त्याला खांद्याला धरून दलदलीकडे फिरवलं आणि बोट दाखवलं. निळ्या कोटातली साइमी, चर्चमध्ये तीस वर्षं बाजा वाजवून आता ऐंशीला टेकलेली, बादली घेऊन गवताच्या गठ्ठ्यांमधून तावातावाने त्यांच्याकडेच येत होती. आर्मासने तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या बुंध्याकडे पाहिलं, मग एल्क उभा होता तिथे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याने ती रेघ मनात ओढलेली हिल्क्काला दिसली. तो मटकन खाली बसला.

"फोन कुठाय?" तिने विचारलं, त्याच्यासमोर वाकून.

"गाडीत."

साइमी आली आणि तिने दोघांना फैलावर घेतलं. माणसं आहात की कोण, अर्धी बादली सांडली, या वयात हृदय थांबलं असतं, कोण भरून देणार होतं. हिल्क्काने सगळं ऐकून घेतलं. इतकं निमूट तिने कुणाचं कधी ऐकलं नव्हतं. तोवर तेइयो आणि बाकीचे तिघे येऊन पोचले होते. टोप्या हातात घेऊन उभे राहिले, अंत्ययात्रेला आल्यासारखे. आर्मास एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. ओठ हलत नव्हते, त्यामुळे त्याला काही कळत नव्हतं.

"यांना काय सांगितलंस?" त्याने बायकोला विचारलं.

नवऱ्याच्या कानात हळूच सांगावं अशी ही गोष्ट होती. पण हळू सांगितलेलं त्याला पोचत नव्हतं, आणि पोचेल एवढ्या आवाजात सांगायचं तर सगळ्यांच्या देखत सांगावं लागत होतं. तिने सांगितलं. "तुला ऐकू येत नाही, हे सांगितलं." तिचा आवाज दलदलीच्या पलीकडे जाऊन परत आला.

साइमीने बादली खाली ठेवली. आर्मासने डोक्यावरची टोपी काढली. मग त्याने छातीवरचा वॉकीटॉकी सोडवला आणि तेइयोपुढे धरला. तेइयोला तो घ्यावा की नाही कळेना. आर्मासने तो त्याच्या खिशात कोंबला.

"रेमू कुठाय?" आर्मास म्हणाला. "भुंकतोय का तो?"

चार वर्षांत त्याने हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. नेहमी स्वतःच सांगायचा, तो बघा, तिकडे. विचारलं ते हिल्क्काकडे बघून. तिने झाडीकडे मान वळवली आणि श्वास रोखून ऐकलं. कानात ती बारीक शिट्टी वाजत होती. शिट्टीच्या मागे काही असलं तरी ते तिला ऐकू येत नव्हतं. तिने दुसरा कान फिरवून पाहिला.

"मला ऐकू येत नाहीये, आर्मास," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. आर्मासने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग तिच्या पायाजवळ पडलेल्या सायलेन्सरकडे. तो उठला आणि त्याने तिच्या दोन्ही कानांवर आपले तळहात ठेवले. गार होते.

तेइयो पुढे झाला. त्याने तोंड आर्मासच्या कानाजवळ नेलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे सरकून त्याच्यासमोर उभा राहिला आणि ओठांवरची दाढी बोटांनी बाजूला दाबून धरली.

"भुंकतोय," तो म्हणाला. "नदीच्या अंगाला."

"एकसारखा?"

"एकसारखा."